गाफ ट्रॅकवरची उलटी फेरी

शुक्रवारी सकाळचे अकरा वाजून गेले तरी बाबांचा विक्रम किती सेकंदांचा होता, हे गायधन्यांच्या घरात ठरत नव्हतं.

नंदूने, म्हणजे घरच्या जावयाने, नाशिकच्या पेपरात बातमी देताना एकोणसत्तर सेकंद दिले होते. मिहीरने, म्हणजे मुलाने, दोह्यातल्या वेस्ट बेच्या ऑफिसातल्या आपल्या निरोपसमारंभात भाषण ठोकताना चौसष्ट सांगितले होते. त्याचं म्हणणं, हॉल भरून माणसं होती, टाळ्या पडल्या, तेव्हा त्याचाच आकडा जास्त अधिकृत. दोन्ही आकडे दोघांनी आपापल्या मनाने घेतले होते. बाबांना विचारून उपयोग नव्हता, कारण बाबा आकडा कधीच सांगत नसत. "झालं ते झालं, खलास," एवढं म्हणून मिशीतल्या मिशीत हसत, आणि घरच्यांनी इतकी वर्षं त्या हसण्यालाच विनय समजून घेतलं होतं.

"भाऊजी, एकोणसत्तर म्हणजे फारच स्लो होतं," मिहीर म्हणाला. "मी नेटवर बघितलंय. स्पीडवेच्या चार फेऱ्या म्हणजे मिनिटभराचा खेळ असतो."

"असेल. पण माझं छापून आलंय ना," नंदू म्हणाला. "आता बदलायचं म्हणजे खुलासा द्यावा लागेल. बातमी कोणी वाचत नाही रे, खुलासा सगळे वाचतात."

मिहीरची बायको नुपूर जमिनीवर बसून काचेचे ग्लास कागदात गुंडाळत होती. अल दुहैलच्या कंपाउंडमधला हा व्हिला जूनअखेर सोडायचा होता. मिहीरचा प्रोजेक्ट संपला होता, नवं काम पुण्यात मिळालं होतं, आणि त्याच्या स्पॉन्सरशिपवर राहणाऱ्या आई-बाबांचा दोह्यातला मुक्कामही त्याच्याबरोबरच संपत होता. ते दोघं नाशिकला मिहीरच्या बहिणीकडे, मधुराताईंकडे, जाणार होते. त्यासाठीच मधुराताई आणि नंदूभाऊजी आठवडाभर मदतीला आले होते. मदत म्हणजे, मधुराताईंनी आल्या दिवसापासून आईंची पितळी परात आणि पुरणयंत्र आपल्या बॅगेशेजारी नेऊन ठेवायला सुरुवात केली होती, आणि नुपूर ती रोज दुपारी गुपचूप स्वयंपाकघरात परत आणत होती. दोघी एकमेकींशी फार गोड बोलत होत्या.

मिहीर आणि नंदूचं तर गेली काही वर्षं धड बोलणंही नव्हतं. आई-बाबांनी म्हातारपणी कुठे राहायचं यावरून वाजलं होतं. दोघांनीही 'माझ्याकडे, माझ्याकडे' असा इतका आग्रह धरला होता की दोघांनाही ते नको आहे हे सगळ्यांना कळलं होतं. आज मात्र दोघं एकाच सोफ्यावर मांडीला मांडी लावून बसले होते. समोर कार्टनवर नंदूने नाशिकहून गुंडाळी करून आणलेला फ्लेक्स उलगडला होता. 'कतारचा वेगवीर! श्री. गुरुप्रसाद गायधनी यांचा भव्य नागरी सत्कार.' खाली बाबांचा पासपोर्टवरचा चेहरा, आणि तो चेहरा एका हल्लीच्या, हिरव्या चकचकीत मोटारसायकलवर वाकलेल्या कुणा भलत्याच पोराच्या धडाला चिकटवलेला.

"बाबांनी कधी एवढी कंबर वाकवली असेल?" नुपूरने विचारलं.

"वहिनी, लोक चेहरा बघतात," नंदू म्हणाला.

घाई आजची होती, कारण हनिया येणार होती. हनिया मिहीर-नुपूरच्या मुलीच्या, वल्लरीच्या, युनिव्हर्सिटीतली, तिला चार वर्षं सीनियर. आईवडील लाहोरचे, ती जन्मली इथेच. सध्या ती एका संग्रहालयासाठी 'दोह्यातले जुने खेळ' नावाच्या प्रदर्शनाचं काम करत होती. सलवा रोडच्या पलीकडे एका कंपनीच्या कॅम्पमागे सत्तरच्या दशकात इंग्रज इंजिनियरांनी मोटारसायकलींच्या शर्यतींसाठी मातीचा स्पीडवे ट्रॅक केला होता, गाफ ट्रॅक म्हणायचे त्याला. पाचसहा वर्षं चालला आणि बंद पडला. त्याचे ना फोटो सापडत होते ना वेळांच्या नोंदी. हनियाच्या हाती शर्यतीच्या दिवशी वाटलेला एक छापील कागद लागला होता. त्यावर 'जी. गायधनी' असं नाव होतं आणि त्यापुढचा वेळेचा रकाना कोरा होता. वल्लरीने ते नाव बघून "हे तर माझे आजोबा" म्हटलं, आणि तेव्हापासून घरात हा उत्सव सुरू झाला.

"पण मी म्हणते, बाबांनाच विचारा की," नुपूर म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे वळून पाहिलं. एवढ्या वर्षांत हे दोघे पुरुष पहिल्यांदाच एका चेहऱ्याने बघत होते.

"बाबांना आता कुठे आठवत असणार?" मिहीर म्हणाला.

"नसेल आठवत तर बरंच आहे," नंदू म्हणाला. "सहासष्ट करून टाकू. दोघांच्या मधला."

*

गुरुप्रसादांना सगळं आठवत होतं. ते आतल्या खोलीत आरशासमोर उभे राहून इस्त्रीच्या शर्टाची बटणं लावत होते, आणि बाहेर चाललेला लिलाव त्यांना भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू येत होता.

विक्रम झालाच नव्हता. किंवा झाला होता, पण झाला असं जगात कोणी मानलं नव्हतं.

ते तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते, कंपनीत जनरेटर दुरुस्त करायचे. मोटारसायकलवर हात बसलेला, म्हणून इंग्रजांनी ट्रॅकवर घेतलं होतं. गाड्या विचित्र असायच्या, ब्रेकच नाही. वळणावर डावा पाय जमिनीला घासत, मागचं चाक सरकू देत गाडी फिरवायची. फेरी नेहमी डावीकडूनच. गाड्याच तशा बांधलेल्या. ट्रॅकच्या मधोमध गाफचं एक जुनं झाड होतं. इंग्रजांना ते तोडायचं होतं, पण जमिनीच्या मालकाने हात लावू दिला नाही.

सत्त्याहत्तर सालचा दसरा नेमका शुक्रवारी आला. उल्का लग्न होऊन त्याच उन्हाळ्यात आली होती. नजमा भागातल्या दीड खोलीत दिवसभर बसून नाशिकच्या आठवणीने रडायची. त्या दिवशी ती पहिल्यांदा ट्रॅकवर आली, पदर सावरत थेट मैदानात गेली, झाडाचं पान हातात घेऊन चुरडलं आणि म्हणाली, "अहो, ही तर शमी आहे." कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला होता. तिने पर्समधून कुंकवाची डबी काढली, झाडाला बोट लावलं, गाडीच्या हँडलला लावलं, आणि म्हणाली, "आज दसरा आहे. शमीला उलटी प्रदक्षिणा नको. उजव्या हाताला ठेवून जा."

वेळेची शर्यत होती, एकेकाने एकट्याने चार फेऱ्या मारायची. गुरुप्रसादांचं नाव पुकारलं. त्यांनी गाडी लायनीवर आणली, कठड्याशी हात जोडून उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं, आणि गाडीचं तोंड फिरवून उलट्या बाजूने निघाले.

मुख्य पंच हातात झेंडा घेऊन ओरडत धावत सुटला. डावीकडे वळायला बांधलेली गाडी उजवीकडे वळवताना दर वळणाला वाटत होतं, आता गेलो. गेले नाहीत. ग्रेगरी वसईचा, त्यांच्याच खात्यातला, वेळ मोजायला बसला होता. गाडी थांबल्यावर त्याने धावत येऊन कानात आकडा सांगितला. त्या ट्रॅकवर एवढ्या कमी वेळात कोणी आलं नव्हतं, सरळ बाजूनेही नाही. पंचाने शिस्त मोडली म्हणून नाव खोडलं आणि पुढच्या शर्यतींनाही बंदी घातली.

संध्याकाळी घरी येताना उल्काने विचारलं, "कसं झालं?" खरं सांगितलं असतं तर तिने जन्मभर स्वतःला दोष दिला असता. ते म्हणाले, "विक्रम झाला."

मग ते तिने मुलांना सांगितलं, मुलांनी पुढे सांगितलं. आता फ्लेक्स छापून आला होता.

त्यांना खोटा आकडा नको होता. पण नाव हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. या शहरात त्यांनी पन्नास वर्षं जनरेटर चालू ठेवले. किती इमारतींचे दिवे त्यांच्या हातांनी लागले. आता रेसिडेन्सीचं कार्ड परत करायचं, विमानात बसायचं, आणि मागे एका पाटीवरही आडनाव राहणार नव्हतं. भिंतीवर दोन ओळी राहिल्या असत्या तर पुरे होतं. आणि त्या ओळी खऱ्या लिहायच्या, तर उल्कासमोर सांगावं लागणार होतं की तुझ्यामुळे नाव खोडलं गेलं. ते त्यांच्याने होणार नव्हतं. शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात गेलं, तेव्हा त्यांना स्वतःचाच राग आला.

*

जुम्म्याची नमाज आटोपल्यावर हनिया आली. पाठोपाठ विल्सनने आपल्या आईला, कार्मिनला, गेटपाशी सोडलं आणि तो ड्युटीवर गेला. कार्मिन म्हणजे ग्रेगरीची बायको. जन्मभर हॉस्पिटलात नर्स होती, आता पंच्याहत्तरीची, आणि ग्रेगरी गेल्यापासून कोणत्याही घरी जेवायला बोलावलं की वेळेआधी हजर. तिला बोलवायची कल्पना मिहीरची. जुना साक्षीदार असला की बरं दिसतं, असं तो म्हणाला होता.

लबनेचं श्रीखंड होतं, मसालेभात होता, बटाट्याची भजी होती. दोह्यात चक्का बांधायच्या भानगडीत कोणी पडत नाही. दुकानातलं लबने, म्हणजे घट्ट अरबी दही, आणायचं, साखर घालून फेटायचं, आणि आलेल्या माणसाला रेसिपी सांगायची नाही. हनियाने दोनदा मागून घेतलं. मग तिने पाण्याच्या ग्लासाला टेकून फोन उभा केला, रेकॉर्डिंग लावलं आणि आदराने विचारलं, "अंकल, बस एक चीज़ रह गई है। आपका टाइम क्या था?"

"चौसष्ट," मिहीर म्हणाला.

"एकोणसत्तर," त्याच क्षणी नंदू म्हणाला.

मधला आकडा काढायचं दोघांचं ठरलं होतं, पण ऐनवेळी दोघांनाही आपापलाच आठवला. फोन रेकॉर्ड करत राहिला. गुरुप्रसाद ताटातल्या भज्याकडे बघत बसले.

"अरे, टाइम कसला?" कार्मिन म्हणाली. तिचं भज्यावरचं लक्ष पहिल्यांदाच उडालं. "त्याचं तर नाव खोडलं होतं ना. तुम्हा पोरांना माहीत नाही? हा शहाणा उलटा गेला होता." आणि ती हसायला लागली. "ग्रेगरी मरेपर्यंत हसायचा. म्हणायचा, कार्मिन, सगळी दुनिया लेफ्टला चालली, हा एकटा राइटला. का, तर म्हणे बायकोने झाडाला कुंकू लावलं."

कोणीच हसलं नाही, तेव्हा कार्मिनने चेहरे बघितले आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

"मी काय चुकीचं बोलले?" तिने उल्काला विचारलं. "गो, तुला तर मी तेव्हाच सांगितलं होतं."

*

उल्काबाईंनी श्रीखंडाचा डाव भांड्यात परत ठेवला.

हो, कार्मिनने तेव्हाच सांगितलं होतं. दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांनी. मळमळतंय म्हणून त्या हॉस्पिटलात गेल्या होत्या, आणि नळीत रक्त घेता घेता कार्मिनने सहज सांगून टाकलं. तिला वाटलं, हिला माहीत असणारच. त्याच दिवशी मधुरा पोटात आहे हेही कळलं. त्या दोन बातम्या पिशवीत घेऊन उल्काबाई नजमापर्यंत चालत आल्या. एक सांगितली, दुसरी सांगितली नाही.

आधी त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आपल्या एका बोलण्याने माणसाचं नाव गेलं. मग संध्याकाळी नवरा घरी आला, गरोदरपणाची बातमी ऐकून शहाळं शोधायला बाहेर पडला, दोह्यात, सत्त्याहत्तर साली, आणि रिकाम्या हाताने परत आला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हा खोटं बोलला ते आपल्यासाठी बोलला. आता आपण 'मला माहीत आहे' म्हटलं तर त्याने एवढं जपलेलं वाया जाईल. म्हणून त्या गप्प बसल्या. पुढे मुलांना विक्रम सांगताना त्यांनाच तो खरा वाटायला लागला होता, ही गोष्ट वेगळी.

आणि एक गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. त्यांना आनंद झाला होता. माहेरी, सासरी, आयुष्यात कोणी त्यांच्या शब्दावर पाण्याचा पेलासुद्धा इकडचा तिकडे केला नव्हता. या माणसाने भर मैदानात साहेबांच्या देखत मोटारसायकल फिरवली होती.

गुरुप्रसाद त्यांच्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"मधुराच्या आधीपासून," उल्काबाई म्हणाल्या. "भजी गार होतील. खा."

*

स्वयंपाकघरात सभा भरली. मिहीर आणि नंदू एका बाजूला, फ्रीजला टेकून.

"तिला सांगू, कार्मिन आंटींना विसरायला होतं," मिहीर म्हणाला. "वयाचं कारण कोणीही मानतं. आकडा मात्र एकच सांगायचा."

"अगदी बरोबर," नंदू म्हणाला. "माझी सत्काराची तारीख ठरलीय. अध्यक्ष ठरलेत, शालीसुद्धा आणून ठेवल्यात. आता काय सांगू मी, वेगवीराला बाद केला होता म्हणून?"

मधुरा इतका वेळ ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती वळली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "तुम्हाला सत्काराचं पडलंय. बाबांचा चेहरा बघितला का तुम्ही?"

"मधुरा, तू यात पडू नकोस."

"का नको? माझे बाबा आहेत ते. आणि त्या हिरव्या गाडीवरचा माणूस माझा बाप नाही, हे मी तुम्हाला छापायच्या आधीच सांगितलं होतं."

"मधुराताईंचं बरोबर आहे," नुपूर म्हणाली. मधुराचं काहीतरी बरोबर असल्याचं ती लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणत होती. मधुराने चमकून तिच्याकडे पाहिलं. नुपूरने पुढे होऊन ओट्याखालची पितळी परात काढली, तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "ही तुम्हीच न्या. आणि मिहीर, तू आंटींना वेडं ठरवायला निघालास तर मी बाहेर जाऊन त्या फोनमध्ये तोंड घालून सगळं सांगेन."

"तू माझ्या बाजूची ना?" मिहीर म्हणाला.

"आज नाही."

मिहीरने आशेने नंदूकडे पाहिलं. पण नंदूचं लक्ष परात धरून उभ्या असलेल्या बायकोकडे होतं. नाशिकला परत जाऊन राहायचं त्याला तिच्याबरोबर होतं, मेहुण्याबरोबर नाही. "तसं बघितलं तर," तो हळूच म्हणाला, "खुलाशात वजन असतं." आणि इतक्या वर्षांनी जमलेली त्यांची युती फ्रीजपाशीच मोडली.

*

वल्लरी बाहेरच बसली होती. मोठी माणसं स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजतात तेव्हा खरी गोष्ट बाहेर टेबलावरच राहते, हे ती एकोणीस वर्षांत शिकली होती. हनियाने फोन बंद केला होता आणि ती ओशाळून बसली होती.

"चालू कर," गुरुप्रसाद म्हणाले. मग त्यांना सुचलं की हिला मराठी येत नाही. "बेटा, चालू करो।"

हिंदीत त्यांना कधीच धड सांगता यायचं नाही. प्रदक्षिणा शब्दापाशी ते अडले. वल्लरीने सांगायचा प्रयत्न केला, "लाइक, सर्कलिंग, बट विथ रिस्पेक्ट," आणि हनिया एकदम म्हणाली, "तवाफ! समझ गई." मग तिचे डोळे मोठे झाले. "पर अंकल, हम लोग तो तवाफ में उल्टी तरफ़ से जाते हैं। काबा बाएँ हाथ पर।"

उल्काबाईंनी यावर जरा विचार केला. "म्हणजे तुमच्या हिशोबाने तो साहेबच बरोबर होता," त्या म्हणाल्या. वल्लरीने भाषांतर केलं आणि हनिया खळखळून हसली. खोलीतला ताण तिथे सुटला. कार्मिनने निर्धास्तपणे आणखी एक भजं उचललं.

"क्या लिखूँ, अंकल?" हनियाने विचारलं. "जगह दो-तीन लाइन की है। जीतनेवालों के नाम मेरे पास हैं, पाँच-छह अंग्रेज़। सब एक जैसे। किसी ने तेज़ चलाई, कप ले लिया, घर चला गया।"

स्वयंपाकघरातली चौघं दारात येऊन उभी राहिली होती. गुरुप्रसादांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"लिहा, नाव खोडलं होतं," ते म्हणाले. ते आता मराठीतच बोलत होते, वल्लरी इंग्रजीत सांगत होती. "वेळ नोंदलेली नाही, असं लिहा. तो रकाना कोराच बरा. का खोडलं तेही लिहा. दसरा होता, मधे शमी होती." ते थांबले. "आणि नुसतं माझं नाव नको. गाडी मी चालवली, पण कुठल्या बाजूने जायचं ते हिने ठरवलं. उल्का गायधनी. हिचं नाव आधी टाका."

वल्लरीला पुढे सांगता येईना. तिने नुसतं आजीकडे बोट दाखवलं. हनियाने ते न सांगताच लिहून घेतलं.

"अहो, मला कशाला," उल्काबाई म्हणाल्या. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला त्या हेच म्हणत आल्या होत्या. पण या वेळी त्यांनी पुढे काही जोडलं नाही, आणि नाव राहिलं.

"फ्लेक्समध्ये थोडा बदल करावा लागेल," नंदू दारातून म्हणाला.

*

उन्हं उतरल्यावर हनियानेच सुचवलं, जागा बघायला जाऊ. गुरुप्रसाद पन्नास वर्षं त्याच शहरात राहून, ट्रॅक मोडल्यापासून तिकडे कधी गेले नव्हते. सांगायला कारणंही होती, एकदा काम, मग गुडघे.

दोन गाड्या भरून सगळे गेले. कॅम्प नव्हता, माती नव्हती. गोदामांच्या आणि बिऱ्हाडांच्या मधे एक छोटी बाग होती, मुलांचा झोपाळा, पाण्याचं यंत्र, आणि मधोमध लोखंडी कुंपणात ते झाड. झाडाला अजून कोणी हात लावू दिला नव्हता. त्याच्या भोवतीने लाल रबराचा चालायचा ट्रॅक केला होता, लांबट गोल, जवळपास जुन्याच मापाचा. त्यावर पांढरे बाण रंगवलेले होते आणि बाणांच्या दिशेने माणसं चालत होती, अबाया घातलेल्या बायका, केरळी नवराबायको, कानात इयरफोन घातलेला एक फिलिपिनो मुलगा. सगळे डावीकडून.

उल्काबाईंनी कुंपणातून हात घालून पान तोडलं नाही, नुसतं बोटांत धरलं. मग त्या ट्रॅकवर आल्या आणि नवऱ्याचा हात धरला.

"चला," त्या म्हणाल्या. "आज तुमच्या बाजूने जाऊ. बाणाच्या. माझ्यामुळे राहिली होती ना ती फेरी, ती घालून टाका. आज काही दसरा नाही."

हे वाक्य बोलणं त्यांना किती जड गेलं असेल, ते फक्त गुरुप्रसादांना कळत होतं. शमीला उलटी फेरी घालायला ती स्वतःहून तयार झाली होती.

त्यांनी बाणाकडे पाहिलं. मग हळूच, गुडघा जपत, तोंड फिरवलं, आणि तिलाही बरोबर फिरवलं.

"त्या बाजूला माझ्या नावावर काही नाही," ते म्हणाले. "या बाजूला माझा विक्रम आहे. तो कशाला सोडू?"

दोघं निघाली. बागेच्या नेपाळी गार्डने लांबूनच हाक मारली, "अंकल, इधर से नहीं," आणि नंदू, ज्याला सकाळपासून कोणाला तरी काहीतरी समजावून सांगायचं होतं, लगबगीने त्याच्याकडे गेला. मिहीरने सवयीने वेळ मोजायला फोन काढला. वल्लरीने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

पलीकडच्या वळणावर, जिथून घरच्यांना नीट दिसतही नव्हतं, उल्काबाई थांबल्या. इतकी वर्षं त्यांनी विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर माहीत असल्याचं कळलं असतं.

"आकडा काय होता हो?"

गुरुप्रसादांनी इकडेतिकडे पाहिलं, ग्रेगरीने वाकून सांगितला होता तसं वाकले, आणि तिच्या कानात सांगितला. उल्काबाईंनी तो एकदा मनात म्हणून घेतला आणि मान हलवली. मिहीरचाही नव्हता, नंदूचाही नव्हता. पुढे नाशिकला गेल्यावरही मिहीर आला की तो आणि नंदू त्यावरून भांडत राहिले, आणि उल्काबाई शेजारच्या खोलीत बसून भाजी निवडत ऐकत राहिल्या.

समोरून येणारी माणसं त्यांना वाट देत गेली. दोघं झाडाला उजव्या हाताला ठेवून, एकमेकांच्या गुडघ्यांच्या बेताने चालत राहिली.